डब्याचं बटण

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त वनक्षेत्रपाल माननीय वारलूजी दुर्गे. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, प्राणहिता इन्स्ट्रुमेंटल ग्रुपचे संस्थापक आदरणीय धनराज बोरकुटे सर. सरांच्या शेजारी बसलेल्या, आणि आयुष्यभर शेजारीच बसवून ठेवलेल्या, त्यांच्या पत्नी वच्छलाताई. सरांचे भाचे आणि उद्यापासून आमचे लीडर चिरंजीव विक्की. आणि अहेरी, नागेपल्ली, एटापल्लीहून एवढ्या उन्हात आलेल्या रसिक बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना नमस्कार आणि जोहार.

मी रंजीता कोवे. ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवते, म्हणजे जिला चारच तारा असतात आणि जिच्याकडे कोणी पाहत नाही ती. आजवर स्टेजवर माझ्या हातात माईक कधी आला नाही. आज आलाय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

कूलर बंद आहेत त्याबद्दल क्षमा असावी. सर वाजवणार असले की कूलर बंद ठेवायचे, हा सरांचाच दंडक. आज सर वाजवणार आहेत, कारण आपल्या ग्रुपचा नियमच तसा आहे. जो ग्रुप सोडून जातो त्यानं जाण्याआधी एकट्यानं एक धून वाजवायची आणि तेव्हा साउंड दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचा. हा नियमसुद्धा सरांनीच केला. आमचे ड्रमवाले हरिदासभाऊ मधे सोडून चालले होते, त्यांना सरांनी भर बाजारात एकट्यानं ड्रम वाजवायला लावले होते. हरिदासभाऊ घाबरून राहूनच गेले. अजून आहेत. ते पाहा, मागे उभे राहून घाम पुसून राह्यले.

तर माझं भाषण संपलं की सर वाजवतील. नागपूरला मुलाकडे राहायला जाण्याआधीचं त्यांचं हे शेवटचं वाजवणं आहे. तोवर तुम्ही मला सहन करायचं आहे.

सरांची ओळख करून द्यायला हवी का? नसेलही. पण बाहेरगावचे पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी सांगते. सर इथल्या लाकूड डेपोत भांडारपाल होते. तरुणपणी बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीत कोणाकडे तरी त्यांनी एक कॅसेट ऐकली. नुसत्या गिटारी, गाणं नाही, गायक नाही. समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभी राहणारी पोरं टीव्हीवर पाहिली असतील तुम्ही. त्यांच्या नादातून निघालेलं संगीत ते. त्याला सर्फ म्हणतात. आता आलापल्लीत समुद्र कुठला? आमच्यातल्या निम्म्या लोकांनी अजून तो पाहिलेला नाही. पण सरांनी ते संगीत इथं आणलं आणि ते इथं चाललं, हे मी मान्य करते. आपल्या बाजारात माडिया बोलतात, तेलुगू बोलतात, बंगाली बोलतात, मराठी तर आहेच. शब्दांचं गाणं लावलं की अर्धा बाजार उठून चहाला जातो. नुसती गिटार वाजली की सगळे थांबतात. म्हणून तर झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्या पडद्याआधी गर्दी जमवायला आम्हाला बोलवू लागल्या. हे श्रेय सरांचं. टाळ्या वाजवा.

आता थोडं गिटारीबद्दल, कारण सरांचा सत्कार त्यासाठीच आहे. सत्काराच्या बॅनरवर लिहिलंय, 'सागवानी टोनचे जनक'.

या संगीताला गिटार हलकी लागते. तारा जाड लागतात, म्हणजे कितीही जोरात मारल्या तरी लोळत नाहीत. तारांखाली जो पिकअप असतो, आवाज उचलणारा, तो एकेरी गुंडाळीचा हवा, म्हणजे आवाज स्वच्छ आणि थोडा टोचणारा येतो. तारा जिथं टेकतात त्या ब्रिजला एक दांडी असते, ती हलकेच दाबली की सूर डुलतो. एवढंच. लाकडाचं म्हणाल, तर विजेच्या गिटारीत त्याचा वाटा भाजीतल्या हिंगाएवढा.

पण सर पडले आलापल्लीचे! इथं पलंग सागवानाचा, दार सागवानाचं, पाट सागवानाचा. तिरडीला बांबू लागतो म्हणून, नाहीतर तीही आपण सागवानाची केली असती. मग गिटारच काऊन सोडायची? सरांनी लिलावातून रीतसर फळी घेतली आणि तिची गिटार करवून घेतली. ती बघा, टेबलावर हार घालून ठेवली आहे. उचलून बघा कोणीतरी. अध्यक्ष महोदय, तुम्ही नका उचलू, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय.

ती गिटार गळ्यात घातली की माणसाला जू मानेवर ठेवल्यासारखं वाटतं. सर स्वतः ती घालून फार वेळ उभे राहत नसत, ते स्टुलावर बसत. उभं राहायचं ते शिकणाऱ्यांनी. सरांच्या क्लासचा पहिला महिना आठवतो का कोणाला? मे महिना, डेपोमागचं मैदान, सूर्य डोक्यावर, आणि पाळीपाळीनं एकेका पोराच्या गळ्यात हे सागवान. वाजवायचं नाही, फक्त उभं राहायचं. "खांद्याले वळण लागू दे," सर म्हणायचे आणि सावलीत बसून ताक प्यायचे. क्लासातली दीपिका भोवळ येऊन पडली. तिला उठवलं आणि पहिल्यांदाच गिटार वाजवायला लावली. तिनं दोन सूर वाजवले. सर म्हणाले, "तुह्या बोटात लाट नाई पोरी, डबकं हाय."

सगळे हसले होते. आत्तासुद्धा काही जण हसले. वाक्य चांगलंच आहे, सरांची वाक्यं नेहमीच चांगली असतात. दीपिका आता नागपूरला नर्स आहे. या समारंभाला ये म्हणून मी फोन केला होता. ती म्हणाली, "ताई, सर कधी आमच्या वॉर्डात आले तर सुई मीच टोचीन, सांगून ठेव." सर, नागपूरला जाताय, तब्येत सांभाळा.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. 'आवरते घ्या.' घेते, साहेब. आवरायलाच उभी आहे.

आता डबा. स्टेजच्या त्या कोपऱ्यात, हिरव्या चादरीखाली झाकलेली वस्तू दिसते ना? तो डबा नसता तर आम्ही नसतो. लोखंडी पेटी आहे. आत लांब स्प्रिंगा ताणून बसवल्या आहेत. गिटारीचा आवाज तारेतून एका बाजूनं आत जातो, त्या स्प्रिंगांना हलवतो आणि दुसऱ्या बाजूनं ओला होऊन बाहेर येतो. खोल विहिरीत हाक मारल्यावर येतो तसा. याच आवाजाला लोक लाट म्हणतात. सरांनी तो हैदराबादहून सिरोंचामार्गे बसनं आणला, मांडीवर घेऊन. लेकराला कोणी असं आणत नाही. वच्छलाताई, बरोबर ना? ताई मान हलवताहेत.

डब्याला एक बटण आहे. पुढे फिरवलं की आवाज ओला होत जातो, मागे नेलं की कोरडा. त्या बटणाला सरांशिवाय कोणी हात लावायचा नाही. घरी गेल्यावर डबा कपाटात आणि किल्ली सरांच्या कमरेला. आज तो इथं कसा आला, असं सर मघापासून विक्कीला विचारून राह्यले. विक्कीला माहीत नाही. वच्छलाताई, तुम्ही पाणी घ्या जरा.

आता ज्याचं नाव बॅनरवर नाही त्याच्याबद्दल बोलते. पत्रू कोवे. माझा मोठा भाऊ.

तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल, ग्रुपचा पहिला लीड गिटारवाला पत्रूदादा होता. सर तेव्हा साथ करायचे आणि डबा सांभाळायचे. दादाची गिटार आंब्याच्या फळीची होती, पोरीच्या कडेवर बसेल एवढी हलकी. पिकअप एका मोडक्या गिटारीतून काढलेला, एकेरी गुंडाळीचा. दादा जाड तारेवर वरून खाली असा घसरत यायचा की समोरच्या बायका लुगडं सावरायच्या. खरंच. वाटायचं, पाणी आलं.

वडशाकडची मंडई होती, म्हणजे आपली जत्रा. दिवाळीनंतरची, गाव फुललेलं. नाटकाचा पडदा अजून उघडायचा होता आणि आम्ही वाजवत होतो. दादा त्या दिवशी असा वाजवत होता की लोक पडदा विसरले. "पत्रू! पत्रू!" ओरडायला लागले. नाटकाचा मॅनेजर बाहेर येऊन उभा राहिला. मी दादाच्या आणि सरांच्या मधे उभी होते. सरांचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा आत्ताही तसाच आहे, मागे वळून बघायची गरज नाही.

सरांनी हात लांब केला आणि बटण मागे नेलं.

गिटार वाजवणाऱ्यांनो, तुम्हाला हे समजेल. बाकीच्यांना सांगते. या संगीतात माणूस परत येणारा आवाज ऐकत वाजवतो. एक सूर मारायचा, तो फिरून येतो, त्याच्या पाठीवर दुसरा ठेवायचा. तो परतीचा आवाज अचानक गेला तर हात चुकतोच. कोणाचाही चुकेल. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी कोणीतरी काढून घेतल्यासारखं होतं ते. सूर एकदम कोरडे पडले. तांदळाच्या डब्यात खडे वाजावेत तसे. दादा अडखळला, सावरला, पुन्हा अडखळला. माणसं आधी एकमेकांकडे बघू लागली आणि मग हसली. मंडईची गर्दी हसते तेव्हा कशी हसते, तुम्हाला माहीत आहे.

आणि सरांनी माईक घेतला. वाक्य चांगलंच होतं. सर म्हणाले, "पाहा मंडळी, लाट मह्या डब्यात हाय. पोराच्या हातात नाई."

मग त्यांनी बटण पुन्हा पुढे नेलं आणि दादाला म्हणाले, "वाजव आता." दादानं गिटार गळ्यातून काढली, स्टुलावर ठेवली आणि तो स्टेजवरून उतरला. धून संपवावी लागतेच, ती मी आणि हरिदासभाऊंनी संपवली.

एका मंडईत झालं ते तिथंच संपलं असतं. पण आपलं गाव फार प्रेमळ! दादा बाजारात गेला की पोरं विचारायची, "पत्रूभाऊ, डबा कुठी हाय?" पानठेल्यावर, धानाच्या गिरणीवर, हातपंपावर. त्याच्या लग्नात, मांडवात, नवरी शेजारी बसलेली असताना कोणीतरी विचारलं, "डबा आणला का?" हसू नका. या हॉलमध्ये असे कितीतरी जण बसले आहेत ज्यांनी हे विचारलं. नावं घेत नाही. तुम्हाला तुमची माहीत आहेत. पहिल्या रांगेतसुद्धा आहेत.

त्यानंतर दादानं गिटारीला हात लावला नाही. तो डेपोत बांबूचा ट्रॅक्टर चालवतो. कोणाच्या लग्नात ऑर्केस्ट्रा सुरू झाला की हात न धुता जेवणावरून उठतो. गिटार घरी मोहफुलांच्या टोपल्यांमागे पडली आहे. मी एकदा तारा बदलून ठेवल्या, तर माझ्याशी महिनाभर बोलला नाही. सर, मला राग आहे. भाषणात असं म्हणू नये हे मला कळतं. पण आहे, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही.

दादा उतरला आणि सर लीडवर आले, सागवान घेऊन. मग तुम्ही ज्याला सागवानी टोन म्हणता तो जन्माला आला. आज त्याचं गुपित सांगून टाकते, सर जिथं चाललेत त्या नागपूरवाल्यांनाही उपयोगी पडेल. बटण शेवटापर्यंत पुढे. बस्स. सरांनी एक सूर मारला की तो आलापल्लीहून निघून एटापल्लीला पोचेपर्यंत दुसऱ्याची गरजच नाही. त्याच्या आत चुकलेला सूर असो, अर्धा राहिलेला असो, सगळं वाहून जातं. नदी भरलेली असली की तळाचे दगड कोणाला दिसतात? तुम्ही डोळे मिटून माना डोलावत होतात. मी बाजूला उभी होते, मला दगड दिसत होते. मी त्यावर चार तारांची माती टाकत राहिले, नाहीतर कार्यक्रम बंद पडला असता.

विक्की, तुझ्याबद्दल दोन शब्द. आज सर तुझ्या गळ्यात ते सागवान घालतील आणि तू आमचा लीडर होशील. तू पोरगा वाईट नाहीस. तुला फक्त वाजवता येत नाही. मामांनाही येत नव्हतं, तेव्हा काळजी करू नको. तुला डबाही मिळेल. आजचा दिवस सोडून.

बसा सर, बसा. अजून उठायची वेळ झाली नाही. अध्यक्ष महोदय, तुम्ही पुन्हा चिठ्ठी लिहू नका, मी शेवटाकडेच आले आहे.

सर्वांना एकच विनंती, त्या कोपऱ्याकडे बघा. हरिदासभाऊ, चादर काढा.

दिसला ना डबा? आणि डब्यापाशी पाटावर कोण बसलंय? मघापासून तिथंच होता. पडद्याच्या कडेला, अंधारात. तुम्हाला वाटलं असेल, लाईटवाला आहे. पत्रूदादा, जरा पुढे सरक, लोकांना दिसू दे.

दादाला मी बोलावलं नव्हतं, हे सर्वांनी ऐकून घ्या. सर, तुम्हीही. काल तो आपणहून माझ्या घरी आला. धुतलेला शर्ट घालून आला होता. म्हणाला, "सर जाऊन राह्यले म्हणते. डब्यापाशी कोण बसन?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. तर म्हणाला, "मी बसतो." एवढंच बोलला. मग मी वच्छलाताईंकडे गेले आणि ताईंनी कपाट उघडून दिलं. किल्लीच्या दोन प्रती असतात, हे सरांना आज कळलं असेल.

नियम आहे, सर. जाणाऱ्यानं एकट्यानं वाजवायचं आणि साउंड दुसऱ्यानं सांभाळायचा. तुमच्या तोंडचा आहे. हरिदासभाऊंसाठी केला होता, तो तुम्हालाही लागू होतो.

तुमचा उजवा हात गेल्या दिवाळीपासून थरथरतो, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही कधी बोललो नाही. ओल्या आवाजात ते कळतही नाही, उलट लोकांना वाटतं, सर सूर डुलवून राह्यले. कोरड्यात कळेल. पहिल्याच सुराला कळेल, मागच्या रांगेलासुद्धा. म्हणून तर कूलर बंद केले आहेत.

तुमची दया येते का मला? येते. खोटं कशाला बोलू? म्हातारा माणूस, हार गळ्यात, घामानं कपाळ भिजलेलं. दया येते आणि तरी मी बाजूला होत नाही. हे तुमच्याकडूनच शिकले. तुमच्या क्लासात गिटार फारशी आली नाही, हे मात्र नीट आलं.

बरं, दादा बटण मागे नेईल का? हे तुम्हा सगळ्यांच्या मनात आहे. माझ्याही होतं. सकाळी डबा आणून ठेवताना मी त्याला विचारलंच, "दादा, खरं सांग, बंद करशील का रे?" त्यानं फडक्यानं डबा पुसला. बटणावरची धूळ बोटानं काढली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आताच काऊन सांगू? त्यानं मले सांगतलं होतं का?"

तर सर, कदाचित तो बटणाला हातही लावणार नाही. दादा तुमच्यापेक्षा चांगला माणूस आहे, त्यामुळे शक्यता मोठी आहे. तुम्ही शेवटपर्यंत छान ओले वाजाल, टाळ्या पडतील, आणि नागपूरच्या गाडीत बसाल. पण ते तुम्हाला शेवटचा सूर विझल्यावरच कळेल. तोवर प्रत्येक सुराला तुम्ही तिकडं बघाल. तुम्ही नेहमी डोळे मिटून वाजवता. आज उघडे ठेवा.

माझं बोलणं लांबलं. अध्यक्षांनी दोनदा सांगूनही थांबले नाही, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते. हॉल दिलेल्या पंचांचे, खुर्च्या लावणाऱ्या पोरांचे आणि उकाड्यात बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. वच्छलाताई, तुमचे वेगळे आभार, ते घरी येऊन मानीन. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. ज्यांचं दुखवायचं होतं त्यांच्याकडून माफीची अपेक्षा नाही.

विक्की, मामांच्या गळ्यातला हार काढ, तारांत अडकेल. ती गिटार उचलून त्यांना दे. दोन्ही हातांनी उचल.

दादा, तयार?

सर, वाजवा.